लाल रोमेन लेट्यूस घरच्या घरी, थेट बियांपासून: पहिल्यांदाच लावणाऱ्यांसाठी

लेट्यूसच्या बियांचं पहिलं पाकीट मी पेरलं नाही, पुरलं. कुंडीत बोटाचं एक पेर खोल भोकं पाडली, प्रत्येकात दोन-दोन बिया टाकल्या, वरून माती ओढून तळव्यानं थापली आणि झारीनं भरपूर पाणी घातलं. घेवडा असाच लावला होता आणि छान आला होता, म्हणून इथेही तेच. दोन आठवडे रोज सकाळी डोकावत होते. कोंबाचा पत्ता नाही.

दुसरं पाकीट वरवर पेरलं, पण ऐन उकाड्यात. चाळीसेक बियांतून दोन रोपं उगवली, त्यातलं एक तिसऱ्या दिवशी आडवं झालं. तिसऱ्या खेपेला बऱ्यापैकी रोपं आली खरी, पण दोऱ्यासारखी लांबलचक, फिकट आणि साफ हिरवी. पाकिटावरच्या फोटोत गडद मरून पानांचा गड्डा, आणि माझ्या ट्रेमध्ये गवत! तिन्ही वेळा मी बियाणं विकणाऱ्याच्या नावानं बोटं मोडली. बियाणं तिन्ही वेळा चांगलंच होतं.

पुढे कळलं ते असं: लेट्यूस हे थंडाव्यातलं झाड आहे, आणि बी रुजण्यापासून पानाला रंग चढेपर्यंत त्याचं सगळं गणित तापमान आणि उजेड या दोनच गोष्टींवर चालतं. माती, खत, फवारणी यांचा नंबर त्यानंतर. खालच्या सगळ्या पायऱ्या याच दोन गोष्टींभोवती फिरतात.

आधी हे जमवून ठेवा

- लाल रोमेनचं बियाणं, पाकिटावर तारीख असलेलं. लेट्यूसचं बी साधारण दोन-तीन वर्षं चांगलं रुजतं, थंड आणि कोरड्या जागी ठेवलं तर त्याहून जास्त.
- रोपांसाठी कप्प्यांचा ट्रे, किंवा तळाला भोकं पाडलेले छोटे कप.
- ट्रे ठेवायला एक पसरट ताट. पाणी खालून द्यायचं आहे.
- पेरणीसाठी चाळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडं बारीक कंपोस्ट. कोकोपीट एकदा-दोनदा धुऊन पिळून घ्या. काही कोकोपीटमध्ये क्षार असतात आणि लेट्यूसच्या रोपांना ते सोसत नाहीत.
- स्प्रेची बाटली, टूथपिक, टिश्यूपेपर, बंद होणारी पारदर्शक पिशवी.
- १५ ते २० सेंमी खोल कुंड्या. एका पूर्ण गड्ड्यासाठी २० ते २५ सेंमी व्यासाची कुंडी पुरते. लांबट कुंडी ६० सेंमीची असेल तर तिच्यात तीन रोपं.
- घरात लख्ख उजेड नसेल तर पांढरी एलईडी ट्यूब आणि तिच्यासाठी टायमर.
- साधा थर्मामीटर. हा उगाच खर्च वाटतो, मलाही वाटला होता. पण ट्रेशेजारी ठेवल्यावर कळलं की ज्या खिडकीला मी 'गार' समजत होते तिथे दुपारी पारा ३२ अंशांवर जात होता.

पायरी १: कोणती लाल रोमेन?

रोमेन म्हणजे उभट, लांब पानांचा, मधली शीर जाड आणि कुरकुरीत असलेला लेट्यूसचा प्रकार. कोस या ग्रीक बेटाच्या नावावरून त्याला 'कॉस' असंही म्हणतात, त्यामुळे पाकिटावर 'रेड कॉस' लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका, हे तेच. नुसतं 'रेड लेट्यूस' लिहिलेलं पाकीट मात्र बघून घ्या. ते बऱ्याचदा पसरट, झालरीच्या पानांचं निघतं आणि त्याचा गड्डा होत नाही.

'रूज दिवेर' ही जुनी फ्रेंच जात, नावाचा अर्थच 'हिवाळी लाल'. थंडी उत्तम सोसते. 'सिमरॉन' हीही ओळखीची जात. 'फ्रेकल्स' पूर्ण लाल नसते, हिरव्या पानावर तांबडे शिंतोडे. आणि 'आउटरेजस' ही सगळ्यांत गडद लालांपैकी एक. हिची एक गोष्ट सांगायलाच हवी. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नासाच्या 'व्हेजी' या छोट्या बागेत हीच जात लावली होती. २०१४ मध्ये तिथे वाढलेलं पहिलं पीक तपासणीसाठी पृथ्वीवर परत आणलं. पुढचं पीक तयार झाल्यावर १० ऑगस्ट २०१५ रोजी स्कॉट केली, चेल लिंडग्रेन आणि किमिया युई या अंतराळवीरांनी त्याची पानं पुसून खाल्ली. जमिनीचा तुकडा नाही, ऊन नाही, दिवे मात्र अगदी जवळ. खिडकीतल्या बागेला 'जागाच नाही' म्हणणाऱ्यांसाठी मी हे उदाहरण राखून ठेवलं आहे.

एक अपेक्षा आधीच ठेवा: लाल जाती हिरव्यांपेक्षा थोड्या सावकाश वाढतात, आणि लाल रोमेनचा गड्डा आतून हिरवट-पिवळाच असतो. आतल्या पानांना उजेड मिळत नाही, म्हणून त्यांना रंग चढत नाही. फोटोतला गड्डा बाहेरून काढलेला असतो!

पायरी २: पेरणीची वेळ

पेरणीपासून पूर्ण गड्डा व्हायला साधारण ६५ ते ७५ दिवस लागतात. वाढीला सगळ्यांत मानवणारं तापमान १५ ते २२ अंश सेल्सिअस. दिवसाचं तापमान बरेच दिवस २५ ते २७ च्या वर राहिलं की रोप पानांचा नाद सोडून फुलोऱ्याच्या तयारीला लागतं. म्हणून उलटी मोजणी करा. तुमच्याकडची थंड हवा कधी संपते ते बघा आणि त्याच्या किमान अडीच महिने आधी पेरा. उशीर झालाच असेल तर गड्ड्याची आशा सोडून कोवळ्या पानांसाठी पेरा, ती ३० दिवसांतही मिळतात.

आणि सगळं पाकीट एका दिवशी रिकामं करू नका. एक ग्रॅममध्ये ८०० ते १००० बिया असतात. दर दोन आठवड्यांनी दहा-बारा बिया पेरल्या तर एका घराला पुरून उरतं. मी एकदा उत्साहात साठ रोपं वाढवली होती. ती सगळी एकाच आठवड्यात तयार झाली आणि पुढचा आठवडा शेजाऱ्यांकडे पिशव्या पोचवण्यात गेला.

पायरी ३: बी गार करून घ्या

बहुतेक नवखे इथेच अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ओलं झालेलं लेट्यूसचं बी साधारण २८ ते ३० अंशांच्या वरच्या उष्णतेत रुजायचं नाकारतं. ते मरत नाही, फक्त स्वतःला कुलूप लावून बसतं. निसर्गात हे शहाणपणाचंच आहे, कारण कडक उन्हात उगवलेलं कोवळं रोप तसंही टिकलं नसतं. आपल्याला मात्र वाटतं, बी खराब. मग आपण आणखी पाणी घालतो, ट्रे आणखी उबेला नेतो. भाज्यांची बरीचशी बियाणी उबेत लवकर रुजतात, ती सवय इथे अंगाशी येते. रोपांसाठी गरम करायची चटई मिळते, ती लेट्यूसखाली अजिबात ठेवू नका.

बी पाणी पिऊन फुगतं ते पहिले काही तास कळीचे असतात. ते गारव्यात गेले की पुढची उष्णता बी बऱ्यापैकी सोसतं. म्हणून:

१. टिश्यूपेपर ओला करून पिळा. थेंब गळायला नकोत.
२. त्याच्या अर्ध्या भागावर बिया एकमेकींपासून सुट्या पसरा, उरलेला अर्धा भाग वर दुमडा.
३. पिशवीत ठेवून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दोन दिवस ठेवा. फ्रीझरमध्ये नाही.
४. मग बाहेर काढून १८ ते २२ अंशांच्या उजेडाच्या जागी ठेवा. थेट उन्हात नको, बंद पिशवी उन्हात भट्टीसारखी तापते.

एक-दोन दिवसांत बियांच्या टोकाला पांढरा ठिपका दिसेल, ते मूळ. ते दोन-तीन मिलिमीटरचं असतानाच पेरायला घ्या. वाट बघत बसलात तर मूळ टिश्यूत घुसतं आणि ओढताना तुटतं.

घर आधीच गार असेल तर हा सगळा खटाटोप नको, सरळ ट्रेमध्ये पेरा. उष्ण दिवस असतील तर संध्याकाळी पेरा, म्हणजे बियांना पाणी प्यायला अख्खी रात्र गारवा मिळतो.

पायरी ४: पेरणी, म्हणजे नुसतं ठेवणं

ट्रेचे कप्पे ओलसर कोकोपीट-कंपोस्टनं भरा. मूठ दाबली तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी निथळू नये, इतकी ओल. प्रत्येक कप्प्यात दोन बिया वर ठेवा. टूथपिकचं टोक ओलं केलं की बी त्याला चिकटतं, म्हणजे बोटांनी मोजत बसायला नको. वरून जेमतेम बी झाकेल न झाकेल इतकं कोकोपीट भुरभुरवा. अर्धा सेंटिमीटर ही कमाल मर्यादा, मी त्याच्याही निम्म्यावर थांबते.

एवढं वरवर का? लेट्यूसच्या अनेक जातींचं बी अंधारात नीट रुजत नाही. हे कोडं १९५२ मध्ये अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिल इथल्या शास्त्रज्ञांनी सोडवायला घेतलं, आणि तेही लेट्यूसच्याच बियांवर. बियांवर लाल प्रकाश टाकला की त्या रुजत, त्यानंतर लालच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम जाणवणारा अतिलाल प्रकाश टाकला की थांबत. लाल, अतिलाल, लाल, अतिलाल असं कितीही वेळा आलटून पालटून केलं तरी शेवटचा प्रकाश कोणता यावरच निकाल ठरे. बीच्या आत चालू-बंद होणारं जणू एक बटण. त्या रंगद्रव्याला पुढे फायटोक्रोम असं नाव मिळालं. आजच्या पुष्कळ जाती अंधाराबद्दल इतक्या हट्टी नसतात, पण बी मुळात इतकं चिमुकलं आहे की खोलातून वर यायची ताकद त्याच्यात नसते. उजेडाचा हट्ट असो वा नसो, पुरू नका.

वरून स्प्रे मारा. झारी नको, तिच्या धारेनं बिया कोपऱ्यात वाहून जातात आणि मग एका कोपऱ्यात आठ रोपं आणि बाकी ट्रे रिकामा. वर पारदर्शक झाकण किंवा सैल प्लास्टिक ठेवा. पृष्ठभाग एकदाही वाळू देऊ नका. फुगलेलं बी मध्येच वाळलं तर संपलंच.

काही बियाणं मातीच्या लेपाच्या गोळ्यांच्या रूपात मिळतं. हाताळायला सोपं, पण लेप भिजून फुटेपर्यंत ओल सतत लागते, आणि असं बियाणं साठवणीत कमी टिकतं. त्याच हंगामात वापरून टाका.

आता एक सापळा. रुजल्यावर दोन-तीन दिवसांनी मुळाभोवती पांढरा, कापसासारखा तंतूंचा झुबका दिसतो. बुरशी समजून मी एकदा सगळा ट्रे कचऱ्यात टाकला होता. ती मुळांवरची बारीक लव असते! तपासायचं सोपं आहे: वरून पाण्याचा फवारा मारा. लव मुळाला चिकटून दिसेनाशी होते, बुरशीचं जाळं तसंच राहतं. शिवाय लव फक्त मुळावर असते, बुरशी मातीवरही पसरते.

पायरी ५: पहिले पंधरा दिवस

निम्म्याहून जास्त बिया वर आल्या की त्याच दिवशी झाकण काढा. आणखी दोन दिवस ठेवू, उरलेल्याही येतील, हा मोह महागात पडतो. कोंदट हवेत रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी पडतात. बागकामात याला रोपं कोलमडणं म्हणतात, आणि एकदा सुरू झालं की दोन रात्रींत अर्धा ट्रे झोपतो. त्यावर औषध शोधत बसण्यापेक्षा ते होऊच नये हे बघणं बरं: पाणी खालच्या ताटात घाला, अर्ध्या तासानं उरलेलं ओतून द्या, मातीचा वरचा थर दिवसातून एकदा तरी सुकत आलेला दिसू दे, आणि छोटा पंखा लांबून, हलक्या वाऱ्यावर चालू ठेवा. वाऱ्यानं खोडंही जाड होतात.

उजेड पहिल्या तासापासून हवा. कोंब वर आल्यावर दिवसभर अंधुक जागी राहिला तर तो उजेड शोधत ताणला जातो, आणि एकदा ताणलेलं खोड पुन्हा आखूड होत नाही. खिडकीतला उजेड आपल्या डोळ्यांना भरपूर वाटतो, रोपाला तो एकाच बाजूनं आणि अर्धाच मिळतो. रोपं वाकायला लागली तर ट्रे रोज फिरवा, आणि तरीही लांबत असतील तर दिवा लावा. एलईडी ट्यूब पानांपासून ८ ते १५ सेंमी वर, रोज १४ तास. पानांच्या उंचीवर तळहात धरा, ऊब जाणवली तर दिवा थोडा वर घ्या. रात्री दिवा बंदच ठेवा.

रोपं थोडी लांबलीच असतील तर कप्प्यात आणखी कोकोपीट भरून खोडाला आधार देता येतो, पण मधला कोंब मोकळा राहायला हवा.

पहिली दोन गोल पानं म्हणजे बीजपत्रं. त्यानंतर येतात ती खरी पानं. बहुतेक जातींत हे सुरुवातीचं सगळं हिरवंच असतं, तिसऱ्या-चौथ्या पानापासून कडांना तांबूस झाक येते. मी दहाव्या दिवशीच 'रंग कुठे आहे?' म्हणून चिंतेत होते. थांबा.

पहिलं खरं पान आलं की प्रत्येक कप्प्यात एकच रोप ठेवायचं. दुसरं उपटू नका, मुळं गुंतलेली असतात. कात्रीनं मातीलगत कापा. कापलेलं तोंडात टाका, ते तुमचं पहिलं पीक.

पायरी ६: कुंडीत हलवणं

पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांनी तीन-चार खरी पानं येतात, तेव्हा रोप हलवा. त्याआधी पाच-सात दिवस त्याला बाहेरची सवय लावा: पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग हळूहळू वेळ आणि ऊन वाढवत जा. दिव्याखाली वाढलेलं पान थेट दुपारच्या उन्हात ठेवलं तर संध्याकाळपर्यंत त्यावर कागदासारखे पांढरे डाग पडतात.

कुंडीसाठी मी दोन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं मुरलेलं कंपोस्ट आणि एक भाग परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे दाणे) घेते. परलाइट नसेल तर जाड वाळू चालते. निचरा हवा आणि ओलही धरायला हवी, एवढंच. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप) ६ ते ७ च्या दरम्यान असला की लेट्यूस खूश असतं.

संध्याकाळी लावा. रोप कप्प्यातून काढताना खालून ढकला आणि पानाला धरा, खोडाला कधीच नाही. पान तुटलं तर दुसरं येतं, खोड चिरडलं तर रोप गेलं. आणि लावण्याची खोली! पानं जिथून फुटतात तो मधला भाग मातीच्या वरच राहिला पाहिजे. तिथे माती गेली की कोंब कुजतो. जमिनीत किंवा वाफ्यात लावत असाल तर पूर्ण गड्ड्यासाठी दोन रोपांत २० ते २५ सेंमी अंतर ठेवा, सुटी पानं खुडायची असतील तर १० ते १५ पुरे. नवख्याला हे अंतर फार वाटतं. मलाही वाटलं, मी जवळ लावली, आणि मधल्या रोपांना वारा-उजेड न मिळाल्यानं ती उंच, लुळी आणि हिरवी राहिली.

पायरी ७: पाणी आणि खत

लेट्यूसची बहुतेक मुळं वरच्या थरात असतात, त्यामुळे कुंडी लवकर सुकते. बोट मातीत दोन सेंमी घाला. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर उद्या. शक्यतो सकाळी आणि मातीलाच, पानांवर नको. दुपारी पानं मलूल झाली की धावत पाणी घालू नका, आधी माती बघा. कुंडी ओली असूनही उष्णतेनं पानं मान टाकतात आणि ऊन कललं की आपसूक उभी राहतात.

एक दिवस कोरडं, एक दिवस तळं, असं केलंत तर त्याची वसुली होते ती आतल्या कोवळ्या पानांच्या कडांवर. त्या तपकिरी होऊन करपतात, आणि रोमेनमध्ये हे फार दिसतं. पुस्तकात 'कॅल्शियमची कमतरता' लिहिलेलं असतं, म्हणून लोक अंड्याची टरफलं चुरून घालतात. मातीत कॅल्शियम बहुधा असतंच. ते पाण्याबरोबर वर चढतं आणि ज्या पानांतून पाणी जास्त उडतं तिकडे जातं. गड्ड्यात मिटलेल्या पानांतून पाणी उडतच नाही, म्हणून ती उपाशी राहतात. उपाय म्हणजे पाण्यात सातत्य, रोपाभोवती खेळती हवा, आणि खताचा हात आखडता.

खत: कंपोस्ट चांगलं असेल तर पहिले दोन आठवडे काहीच नको. मग दर १० ते १४ दिवसांनी कोणतंही पातळ खत, सांगितलेल्या मात्रेच्या निम्मं. नत्र जास्त झालं तर पानं भराभर वाढतात, पण मऊ आणि पाणचट होतात, मावा (रस शोषणारी बारीक कीड) येतो आणि लाल रंगही फिका पडतो.

पायरी ८: लाली

पानाचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे असतो. रोप ते बनवतं मुख्यतः तीव्र उजेडापासून बचावासाठी, आणि गारव्यात ते जास्त बनतं. लख्ख ऊन आणि थंड रात्री मिळाल्या की पानं वाइनसारखी गडद होतात. सावली आणि उकाडा असेल तर तेच रोप हिरवं राहतं. म्हणजे रंग हा तुमच्या जागेचा मीटरच आहे, तो वाचायला शिका.

काचेच्या खिडकीत रोप छान वाढूनही लाल होत नसेल तर त्याचंही कारण आहे. रंग चढवणाऱ्या अतिनील किरणांतला मोठा भाग काच अडवते. कापणीच्या आठ-दहा दिवस आधी रोप सवय लावत लावत बाहेर उन्हात न्या, किंवा दिवा जवळ आणा. पुढची नवी पानं आठवड्याभरात रंग दाखवतात. उष्ण हवेत मात्र हा प्रयोग नको. रंग मिळेल, पण पाठोपाठ फुलोराही येईल. तेव्हा सकाळचं ऊन आणि दुपारी सावली, आणि थोडा हिरवेपणा गोड मानून घ्या. चव तीच असते.

पायरी ९: कीड

पानं कच्ची खायची असल्यामुळे मी फवारण्यांच्या वाटेला जात नाही. मावा पानाच्या मागे आणि गाभ्यात बसतो. लाल पानावर हिरवट मावा चटकन दिसतो, एवढा या जातीचा फायदा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं दोन-तीन दिवस ओळीनं धुतला की आटोक्यात येतो. पानात वेड्यावाकड्या पांढऱ्या रेषा दिसल्या तर ती नागअळी, ते पान तोडून टाका. रात्रीत पानांना मोठी भोकं पडली आणि सकाळी चकचकीत माग दिसला तर गोगलगाय. रात्री टॉर्च घेऊन वेचायची, दुसरा तितका खात्रीचा उपाय मला सापडलेला नाही. पानावर पिवळे डाग आणि खाली पांढुरकी लव दिसली तर तो केवडा. ती पानं लगेच काढा, रोपांत अंतर वाढवा, पानं ओली ठेवू नका.

पायरी १०: काढणी

दोन पद्धती आहेत. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी पानं १५ सेंमीची झाली की बाहेरची दोन-तीन खुडा आणि आतली पाच-सहा राहू द्या. असं दर आठवड्याला चालतं. किंवा गड्डा भरेपर्यंत थांबा, दाबून घट्ट लागला की मातीपासून तीनेक सेंमी वर कापा. उरलेल्या बुंध्याला पाणी देत राहिलात तर बाजूनं पुन्हा पानं फुटतात. ती छोटी असतात, पण फुकटची.

सकाळी कापा. रात्रभर पाणी प्यायलेली पानं तेव्हा कडकडीत असतात, दुपारची पानं घरात येईपर्यंत लुळी पडतात. कापलेल्या जागी दुधासारखा चीक येतो. लेट्यूसच्या 'लॅक्टुका' या शास्त्रीय नावातच लॅटिनमधलं 'दूध' आहे. चीक हाताला चिकटतो आणि सुकून तपकिरी होतो, पण त्यात बिघडलेलं काही नाही.

पानं गार पाण्यात धुऊन पूर्ण कोरडी करा, कापडात गुंडाळून बंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. आठवडाभर आरामात टिकतात. त्याच कप्प्यात सफरचंदं, केळी नकोत. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूनं पानांच्या शिरांवर तांबूस-तपकिरी ठिपके पडतात. मी ते कितीतरी दिवस रोग समजत होते.

पायरी ११: तुरा आला तर, आणि पुढचं बियाणं

एक दिवस गड्ड्याचा मधला भाग उंच व्हायला लागतो, पानं टोकदार होतात आणि त्यांच्यात अंतर पडतं. उष्णता आणि लांबत चाललेले दिवस यांनी हे होतं. चीक वाढतो आणि पानं कडू लागतात. शेंडा खुडून हे थांबत नाही. दिसल्या दिवशीच सगळी पानं कापून घ्या, आठवड्यानं ती खाववणार नाहीत.

एक रोप मात्र राहू द्या, आणि तेही सगळ्यांत उशिरा तुरा आलेलं. घाईनं फुललेल्या रोपाचं बी धरलंत तर पुढची पिढीही घाईचीच निघते. दांडा मीटरभर किंवा त्याहून उंच जातो, त्याला काठीचा आधार द्या. फुलं छोटी, पिवळी, सकाळी काही तासच उघडतात आणि बहुतेक स्वतःच्याच परागांनी फळतात, त्यामुळे शेजारी दुसरी जात असली तरी भेसळ क्वचितच होते. दोन-तीन आठवड्यांनी प्रत्येक फुलाच्या जागी पांढरी म्हातारी फुटते. सगळं एकदम पिकत नाही, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी दांडा कागदी पिशवीत वाकवून झटकायचा. मग ताटात ओतून हलकी फुंकर: म्हाताऱ्या उडून जातात, बी खाली राहतं. फुंकर जोरात मारली तर बीही जातं, तेव्हा पंखा बंद करून बसा.

आठवडाभर सावलीत वाळवून छोट्या काचेच्या बाटलीत भरा आणि वर जात व तारीख लिहा. हे ताजं बी लगेच पेरलंत आणि उगवलं नाही, तर फेकून देऊ नका. नुकतंच पिकलेलं लेट्यूसचं बी काही काळ झोपेत असतं. दोनेक महिने थांबा, नाहीतर तिसऱ्या पायरीतला ओला टिश्यू आणि फ्रिज आहेच.